माश सहाच्या वर देत नाहीत

आमच्या जीपमध्ये चार जागा होत्या आणि प्रत्येक जागेला एक काम नेमून दिलेलं होतं. स्टिअरिंगवर बीरानिक्का, म्हणजे बीरानदादा: गाडी चालवणं. त्यांच्या शेजारी त्रेस्या सिस्टर: जखमा, नळ्या, औषधं आणि पोट साफ न होण्यावरचे सगळे उपाय. मागे मी, रम्सीना: फाइल लिहिणं. माझ्या शेजारची जागा डॉक्टर सुगुणन यांची. पण ते फक्त गुरुवारी यायचे, त्यामुळे बाकीचे दिवस तिथे कमोडची खुर्ची नाहीतर हवेची गादी बसून यायची.

हे कागदावर. प्रत्यक्षात बीरानिक्का पेशंटच्या घरी पोचले की आधी विहिरीचा पंप बघायचे, मग गॅसचा सिलिंडर हलवून बघायचे, मग अंथरुणावरच्या माणसाला दोन हातांवर उचलून अंगणात आणून बसवायचे, आणि निघताना भांडलेल्या दोन भावांना एकमेकांशी बोलायला लावायचे. त्रेस्या सिस्टर जखम धुताधुता सुनेला विचारायच्या, "तू जेवलीस का?" आणि सून रडायला लागायची. त्यासाठी फाइलमध्ये रकाना नव्हता. मी विचारलं होतं, कुठे लिहू? त्या म्हणाल्या, "लिहू नकोस. पदर दे तिला."

माझं एम.एस्सी. झालं होतं, संख्याशास्त्रात, आणि सरकारी परीक्षेचा निकाल लागायचा होता. तोवर घरी बसून उम्माशी, म्हणजे आईशी, भांडण्यापेक्षा मी चेरुपारा पालिएटिव्हमध्ये स्वयंसेवक झाले. जे बरं होणार नाही ते बरं करणं आमच्या हातात नसतं. दुखणं कमी करणं असतं. आणि दुखणं कमी झालं की नाही हे कळायला ते मोजावं लागतं. तिथे माझी नेमणूक झाली.

मोजण्याची पद्धत साधी होती. मी विचारायचे, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आज किती?"

साधी होती असं मला पहिल्या दिवशी वाटलं. पात्तुम्मा म्हणाल्या, "पंधरा." मी म्हटलं, दहाच्या आत सांगा. त्या म्हणाल्या, "मग माझं विचारू नकोस." अय्यप्पन, ज्याची कंबर झाडावरून पडून गेली होती, तो म्हणाला, "कालच्याइतकंच." काल किती होतं? "परवाच्याइतकंच." एकाने सांगितलं, "तुझा आवाज गोड आहे मोळे, चार लिही पोरी."

अशा आकड्यांवर काय आलेख काढणार?

आणि मग चात्तुकुट्टी माश, म्हणजे मास्तर, आले. आले म्हणजे आम्ही त्यांच्याकडे गेलो. टेकडीवर घर, खालून जांभ्या दगडाच्या त्रेचाळीस पायऱ्या. चेरुपारा हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मी शाळेत जायच्या आधीच ते निवृत्त झाले होते. आता कॅन्सर कमरेच्या हाडांत उतरला होता. ओसरीवर लाकडी खुर्चीत बसलेले, पुढे स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर दोन्ही कोपरं.

"शून्य म्हणजे..." मी सुरुवात केली.

"कळलं. साडेचार," माश म्हणाले.

माझ्या पेन्सिलीला आनंद झाला. अपूर्णांकात उत्तर देणारा पहिला माणूस!

"फाइल दाखव," ते म्हणाले. दाखवली. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि उरलेल्या गोळ्यांच्या आकड्याखाली रेघ मारली. "चौदा नाहीत, तेरा आहेत. मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. काय शिकलीस तू?"

"संख्याशास्त्र."

"हं," ते म्हणाले. त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. "काय गं, स्टॅटिस्टिक्स, आज कुणाची मोजणी चुकवून आलीस?"

दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, "पाच." आतून त्यांच्या बायकोनं, कल्याणीअम्मांनी, सुलैमानीचे, बिनदुधाच्या चहाचे ग्लास आणले आणि म्हणाल्या, "पाच का? पन्नास वर्षं माझ्या अवियलच्या भाजीलाही पाचच देतायत."

आम्ही हसलो. माशही ओठ घट्ट मिटून हसले. फाइलमध्ये 'कुटुंब' असा रकाना असतो. तिथे मी लिहिलं: खेळीमेळीचं.

तो शब्द मी पुढे अनेकदा वाचला.

तीन आठवड्यांचे आकडे असे होते: साडेचार, पाच, पाच, साडेपाच, साडेपाच. मी आलेख काढला. रेषा इतकी सपाट की तिच्यावर ग्लास ठेवला असता तर हलला नसता. डॉक्टर सुगुणननी तो दवाखान्याच्या भिंतीवर लावला. "सात ओलांडले की मॉर्फिन," ते म्हणाले. "सध्या आहे ती गोळी ठीक चाललीय."

त्रेस्या सिस्टरना ते ठीक वाटत नव्हतं. "त्यांच्या पायाची बोटं बघितलीस? मुठीसारखी वळलेली असतात. चेहरा बघ."

"चेहऱ्याला आकडा नसतो, सिस्टर."

"तुझ्या चेहऱ्याला देऊ का एक?"

"पण ते स्वतः पाच म्हणतायत. दुखतं त्यांना, माप त्यांचं. पुस्तकातच लिहिलंय, पेशंट सांगेल ते खरं."

"लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या, "पण ते पुस्तक लिहिणाऱ्यानं त्यांची खुर्ची बघितली नव्हती."

खुर्चीचं खरं होतं. आम्ही कधीही गेलो तरी माश त्याच खुर्चीत, त्याच उशीवर वाकलेले. "आडवे कधी होता?" सिस्टरनी विचारलं. "वाचायचं असतं," ते म्हणाले. खुर्चीला लागून खाली एक चटई गुंडाळून ठेवलेली असायची. कल्याणीअम्मा चालताना एका हातानं भिंत धरायच्या. मी ते बघितलं होतं. वय म्हणून सोडून दिलं होतं.

आणि बीरानिक्का? बीरानिक्कांना विचारलं असतं तर हे सगळं पहिल्याच दिवशी मिटलं असतं. पण या एका घरी ते पायऱ्या चढत नसत. पहिल्यांदा म्हणाले टायरमध्ये हवा कमी आहे. दुसऱ्यांदा ब्रेकचं तेल. तिसऱ्यांदा नुसतेच म्हणाले, "मी गाडीकडे थांबतो, इथे माकडं फार."

चेरुपाऱ्यात माकडं नाहीत.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, माशनी उशीवरून डोकं न उचलता सांगितलं, "सहा."

उतरताना मी सिस्टरना म्हणाले, "अर्ध्या मार्कानं वाढलंय, फार नाही. अजून सातच्या आत आहे."

आम्ही जीपमध्ये बसलो. पहिल्या वळणावर सिस्टर बाहेर बघत म्हणाल्या, "माश आज सहा म्हणतात."

बीरानिक्कांनी ब्रेक मारला. हवेची गादी माझ्या डोक्यावर आली. रस्त्यातल्या दोन शेळ्यांनी आमच्याकडे बघितलं.

"किती?"

"सहा," मी गादीखालून म्हणाले.

"कुणाला दिले सहा?"

"कुणाला म्हणजे? दुखण्याला."

बीरानिक्कांनी गाडी मोरीला लावली आणि इंजिन बंद केलं. उतारावर ते कधीच इंजिन बंद करत नाहीत. "मोळे," ते म्हणाले, "माश सहाच्या वर देत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे देत नाहीत. कुणालाच. दर शुक्रवारी दहा मार्कांची चाचणी असायची. सगळी गणितं बरोबर, अक्षर मोत्यासारखं, समास सोडलेला, तरी सहा. म्हणायचे, सहाच्या वर दिलं की पोर दप्तर मिटतं. कवलाट्टची सरोजिनी, तिला एकदा साडेसहा पडले. ती विचारायला गेली, माश, अर्धा का? तर म्हणाले, चुकून पडला, आणि काढून घेतला!"

"इक्का, तुम्हाला कसं माहीत?"

बीरानिक्कांनी कानामागे खाजवलं. "मी नववी ब मध्ये होतो."

"किती पडायचे?"

"ते सोड."

"म्हणून तुम्ही वर येत नाही?" सिस्टर म्हणाल्या. "चौसष्ट वर्षांचा माणूस!"

"त्यांना आठवत असेल हो!"

माझ्या डोक्यात कल्याणीअम्मांचं अवियल शिजत होतं. पन्नास वर्षं पाच. त्यांनी दुसऱ्याच भेटीत, ग्लास हातात देऊन, मापाचं कोष्टक मला सांगितलं होतं. आणि मी लिहिलं होतं, खेळीमेळीचं.

तरी एका माणसाच्या आठवणीवर मी निष्कर्ष काढणार नव्हते. गुरुवारी डॉक्टर येणार होते. हातात दीड दिवस होता. मी नमुना गोळा करायला लागले.

नमुना शोधावा लागला नाही, तो रस्त्यावरच होता. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल फेसात ठेवून सांगितलं, "चार. एकदा साडेचार, त्या दिवशी आईनं पायसम केलं होतं." गिऱ्हाईक फेसातून म्हणालं, "पाच." न्हावी म्हणाला, "खोटं बोलतोय, मी शेजारी बसायचो." मोटरसायकलवर मासे विकणारा मोइदू भोंगा थांबवून म्हणाला, "तीन, तीन, दोन, तीन." पंचायत अध्यक्षा मीटिंगमधून बाहेर आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "साडेपाच. पण माझ्या विरोधात उभा होता ना, त्याचेपण लिहून घे. अडीच." अय्यप्पन, जो दुखण्याचा आकडा कधीच सांगत नसे, तो पडल्यापडल्या चटकन म्हणाला, "साडेतीन! सहामाहीच्या आधी चार!" आणि इतका हसला की त्याला मध्येच थांबून कंबर धरावी लागली.

चाळीस-पन्नास वर्षं झाली होती आणि एकालाही विचार करावा लागला नाही. मी एकेचाळीस माणसांना विचारलं. सगळ्यात मोठा आकडा सहा. तो सरोजिनीचा, अर्धा कापून.

गुरुवारी जीपमध्ये मी डॉक्टरांना कागद दिला. ते शहरातल्या शाळेत शिकलेले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग भिंतीवरचा आलेख त्यांना आठवला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे त्यांचे सहा म्हणजे आपले दहा?"

"मी सूत्र मांडलंय. त्यांचा आकडा गुणिले दहा, भागिले सहा."

"म्हणजे पहिल्याच दिवशीचे साडेचार..."

"साडेसात."

मग सिस्टर म्हणाल्या, "मी चेहरा बघा म्हटलं होतं." त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, "चूक माझी. खुर्ची मीही बघितली होती. पण रम्सीना, न्हाव्याच्या आठवणीवर मला मॉर्फिन लिहिता येत नाही. त्यांना विचारायला हवं."

"काय विचारणार? तुमचे सहा खोटे आहेत असं?"

"तू विचार. सूत्र तुझं आहे."

"गादी वर न्यायचीय," सिस्टर म्हणाल्या. "बीरान, तुम्ही आणा."

"ती हलकी आहे. रम्सीना आणेल."

"बीरान."

अशा रीतीनं आम्ही चौघं त्रेचाळीस पायऱ्या चढलो. डॉक्टर, मग सिस्टर, मग मी, आणि सगळ्यात शेवटी एक हवेची गादी, जिच्या खाली दोन पाय दिसत होते.

माश उशीवर वाकलेले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. ओसरीवर वारा असूनही.

"आज इतके सगळे? इन्स्पेक्शन आहे का?"

"माश," डॉक्टर म्हणाले, "रम्सीनाला एक शंका आहे."

मी कागद पुढे केला. तोंडानं काही बोलायची हिंमत नव्हती. माशनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. एकेचाळीस नावं, त्यांच्यापुढे मार्क. त्यांचं बोट एकेका ओळीवर थांबत खाली आलं.

"मोइदूला चार वेळा तीन नव्हते पडले. एकदा दोन."

"त्यानं सांगितलंय. तिसरा आकडा बघा."

"हं." बोट खाली आलं. तिथे सूत्र होतं. माशनी ते बघितलं, मग मला बघितलं, मग डॉक्टरांना. मला वाटलं आता कागद फाडतील. त्यांनी खिशात हात घातला आणि लाल पेन काढलं.

"चूक."

"माश?"

"शून्य शून्यावर का बसवलंस? मी कुणाला शून्य दिलाय? ही तुझी यादी. सगळ्यात खालचा आकडा कोणता?"

मी बघितलं. "दोन."

"का दोन? एक मार्क वर्गात आल्याचा. एक स्वतःचं नाव बरोबर लिहिल्याचा. तिथून पुढे गणित सुरू. म्हणजे माझं माप दोनपासून सुरू होतं. तू नुसता गुणाकार केलास. वरचं टोक बघितलंस, खालचं बघितलंच नाहीस. एम.एस्सी.!"

मी मान खाली घातली. ते खरंच होतं. खालचं टोक माझ्या समोर होतं आणि मी वरच्याच्या मागे लागले होते.

माशनी माझं सूत्र खोडलं. खाली लिहिलं: त्यातून दोन वजा, मग गुणिले दहा, भागिले चार.

"आता घाल."

"काय घालू?"

"परवाचा आकडा घाल. सोडव. मोठ्यानं."

"सहा वजा दोन," मी म्हणाले. "चार."

"पुढे."

"चार गुणिले दहा. चाळीस."

"पुढे."

"चाळीस भागिले चार."

"बरोबर?"

डॉक्टर चपलेकडे बघत होते. सिस्टरनी बॅगेची चेन उघडली आणि परत लावली.

"वर्गात कुणालाच येत नाही?" माश म्हणाले. "चाळीस भागिले चार."

"दहा," गादीच्या मागून आवाज आला.

माशनी मान वाकडी करून गादीकडे बघितलं. "कोण ते?"

गादी थोडी खाली आली. वर बीरानिक्कांचे डोळे दिसले.

"बीरान," माश म्हणाले. "नववी ब, खिडकीजवळ. पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं."

आम्ही हसणार होतो. पण दारात कल्याणीअम्मा उभ्या होत्या, हातात खोबऱ्याची वाटी. त्या उंबऱ्यावर बसल्या.

"दहा?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस दहा? आणि मला म्हणता वाचायचंय. पुस्तक उलटं धरलं होतं काल."

"उलटं नव्हतं."

"उलटं होतं! मी खाली चटईवर बसून बघत होते ना!"

माश पेनचं टोपण लावायला लागले. ते लागेना. सिस्टरनी पेन घेतलं, टोपण लावलं, आणि त्यांच्या खिशात ठेवलं.

"तुम्ही आकडा खरा का नाही सांगितला?" डॉक्टरांनी विचारलं.

"खराच सांगितला. सहा म्हणजे सहा." त्यांनी उशी जवळ ओढली. "दहा देऊन टाकले तर उद्या काय देऊ? उद्या याहून वाईट असलं तर? आणि मला माहितीये ना, पूर्ण मार्क दिले की दप्तर मिटतात. तुम्हीही म्हणाल, संपलं, आता इथे करण्यासारखं काही नाही. फाइल मिटाल आणि जाल खाली."

इतक्या दिवसांत स्वतःबद्दल ते इतकं पहिल्यांदाच बोलले.

"माश," त्रेस्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या शाळेचं मला माहीत नाही, मी डोंगरावरची. पण आमच्याकडे दप्तर मिटायची सोयच नाही. दहाला येतो, अकरालाही येतो. ती पात्तुम्मा पंधरा सांगते, तिच्याकडे तर चहा पण पितो."

"पंधरा?" माश म्हणाले. "दहापैकी?"

"हो."

"हे काय मोजणं आहे!" त्यांना मनापासून राग आला. माणूस रागावला की जरा बरा दिसतो.

डॉक्टर त्यांच्यासमोर ओसरीच्या कठड्यावर बसले आणि मॉर्फिनचं सांगायला लागले. दर चार तासांनी. सुरुवातीला थोडी झोप जास्त येईल, पोट जड राहील, त्याचं औषध सिस्टर देतील.

"म्हणजे अफू," माश म्हणाले.

"तीच. पण मोजून."

"मोजून असेल तर चालेल." ते माझ्याकडे वळले. "काय गं, स्टॅटिस्टिक्स, वेळापत्रक आखायला येतं का? पट्टी घेऊन आख. हातानं नको."

मी पट्टीनं आखलं. त्यांनी एक रेघ वाकडी आहे म्हणून परत आखायला लावलं.

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा ओसरीवरची खुर्ची रिकामी होती.

उशी स्टुलावर नव्हती. चटईही नव्हती. मी शेवटच्या पायरीवर थांबले. या कामात रिकामी खुर्ची काय सांगते ते दोन महिन्यांत मला कळलं होतं. बीरानिक्का माझ्या मागेच होते, गादीशिवाय. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, म्हणजे काढायची की ठेवायची हे त्यांचं ठरत नव्हतं.

कल्याणीअम्मा बाहेर आल्या. त्यांचे केस सुटे होते. मी त्यांना कधी सुट्या केसांनी बघितलं नव्हतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून आवाज आला. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा.

"शनिवारपासून," त्या कुजबुजल्या, "आडवे. पलंगावर. असं घोरतायत की शेजारच्या कुंजाण्णीनं विचारलं, नारळ सोलायचं मशीन आणलं का. मी पण आडवी झाले. तीन आठवडे चटईवर बसून माझ्या पाठीचा पार खुंटा झाला होता. उठले तर आठ वाजलेले! लग्नानंतर मी आठला उठलेली नाही."

"आता उठवायचं का?" मी विचारलं. "आकडा घ्यायचाय."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी फाइल पिशवीत ठेवली. कल्याणीअम्मा धरून आम्ही चौघांनी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मिरचीची चटणी खाल्ली आणि करवत ऐकत राहिलो. दहा वाजता ती थांबली.

"कोण आहे?" आतून आवाज.

"पालिएटिव्ह, माश."

"मग खाताय काय माझ्या घरी बसून? या आत."

ते पाठीवर झोपलेले होते. पाय सरळ. बोटं उघडी. सिस्टरनी सगळ्यात आधी बोटं बघितली आणि मला कोपरानं ढोसलं.

"आज किती?" मी विचारलं.

"तीन."

मी मनात वजाबाकी केली. अडीच. गुरुवारी ते म्हणाले "दोन," आणि मी फाइलमध्ये पहिल्यांदा शून्य लिहिलं. शून्य काढायला मला वेळ लागला; गोल नीट यावा असं वाटत होतं.

"दोन म्हणजे शून्य," मी बीरानिक्कांना म्हणाले. "याच्या खाली माश जात नाहीत."

बीरानिक्का आता दारापर्यंत यायचे. ते दारातच चुळबुळले. "जातात."

"कुठे जातात? एकेचाळीस माणसं झाली."

"मला तू परत विचारलंच नाहीस." त्यांनी आत बघून आवाज खाली आणला, पण माशना ऐकू जाईल इतकाच. "मला एक पडायचा. दर शुक्रवारी."

मी माशकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वर्गात आल्याचा एक. नावाचा कापला. हा 'बिरान' लिहायचा. ऱ्हस्व. वर्षभर सांगितलं, दीर्घ आहे, दीर्घ आहे."

"माश, लायसन्सवर पण बिरानच आहे," बीरानिक्का म्हणाले. "त्यांनी मला विचारून लिहिलं."

"मग लायसन्सला पण एक."

मी हिशेब केला. एक वजा दोन, उणे एक. गुणिले दहा, भागिले चार. "उणे अडीच," मी म्हणाले. "इक्का, तुमचा मार्क शून्याच्या खाली जातो."

"ते मला घरी पण सांगायचे," बीरानिक्का म्हणाले, आणि पहिल्यांदा त्या खोलीत येऊन पलंगाच्या पायाशी बसले.

त्यानंतर माश सात आठवडे होते. आकडा मधे मधे चढला, गोळी वाढवली, परत उतरला. पण मला त्यातली एक सकाळ सांगायचीय. पाचव्या आठवड्यातला शुक्रवार. बीरानिक्कांनी माशना दोन हातांवर उचलून ओसरीवर आणलं होतं आणि खुर्चीत नाही, बाजेवर आडवं ठेवलं होतं. उचलताना माश सूचना देत होते, कोन किती अंशाचा धरायचा याच्या. समोर फणसाच्या झाडाखाली कोंबड्या होत्या. कल्याणीअम्मांनी ताटलीत भात, वर अवियल आणलं होतं, आणि माशनी चक्क सगळं खाल्लं होतं.

"आज किती?" मी विचारलं.

माश कोंबड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकलं नाही.

"एक," ते म्हणाले.

मी लिहिता लिहिता थांबले. "एक?"

"ऐकू येत नाही का? एक."

"माश," पायरीवरून बीरानिक्का म्हणाले, "ते मार्क माझे आहेत."

"वर्षभर घेतलेस ना? आता एक दिवस मला दे."

फाइलच्या चौकटीत उणे चिन्हाला जागा नसते, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांना तशी गरज पडली नसावी. मी ते समासात लिहिलं: उणे अडीच. संध्याकाळी 'हे काय लिहिलंस' म्हणून डॉक्टरांचा फोन येणार हे मला माहीत होतं.

मग 'कुटुंब' या रकान्यावर आले. या वेळी मी आपल्या मनानं काही लिहिलं नाही. कल्याणीअम्मांना विचारलं, "इथे काय लिहू?"

त्या रिकामी ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"त्यांना विचार, आजच्याला किती."

माशनी डोळे मिटले. बराच वेळ हिशेब चालला असावा.

"साडेपाच," ते म्हणाले. "मीठ कमी होतं."

मी तेच लिहिलं. मिठासकट.